नणंदेची रेघ

वहिनीने शेवटची ओळ लिहिली, प्रोग्रॅम चालवला आणि लॅपटॉप बिट्टीच्या ताटाशेजारी सरकवला. पडद्यावर वाचनालयाच्या वाचकांची नावे एकाखाली एक उमटली. प्रत्येकासमोर त्याने नेलेली पुस्तके, आणि ज्याने ती परत केली नव्हती त्याच्या नावापुढे फुली. बिट्टीने हातातला घास तसाच ठेवून सगळे वरपासून खालपर्यंत पाहिले. बोट ठेवायला जागा नव्हती.

"मग अडतंय कुठे?" तिने विचारले.

"इथे अडतच नाही. तिथे गेलं की मी मठ्ठ होते."

"जागा बदलली म्हणून कोणी मठ्ठ होतं का?"

"मी होते. शनिवारच्या परीक्षेला मी बसणार नाहीये. तुझ्या दादाला सांगून झालंय."

दादा ओट्यापाशी भांडी विसळत होता. त्याने नळ जरा जास्तच मोठा सोडला, त्यावरून त्याला हे पटलेले नाही एवढे दोघींनाही कळले.

बिट्टी म्हणजे दादाची धाकटी बहीण. वरच्या मजल्यावर राहायची आणि जेवायला खाली यायची. चाळिशीला टेकलेल्या बाईला घरात बिट्टी म्हणतात हे तिच्या ऑफिसात कोणाला माहीत नव्हते आणि कळू नये अशी तिची इच्छा होती, कारण तिथे तिचा दरारा होता. तिची कंपनी जावा या भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक सॉफ्टवेअर बनवायची. लिहायचे, तपासायचे, चालवून बघायचे, सगळे एकाच खिडकीत. धंद्यातले लोक अशा सॉफ्टवेअरला आयडीई म्हणतात. ते झटपट चालावे हे बघणे बिट्टीचे काम होते. कोणी 'जरा थांबावं लागतं' असे म्हटले तरी तो तिला स्वतःचा अपमान वाटे.

वहिनीचा धंदा वेगळा. ती एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. छपाईला जाणारे प्रत्येक पान आधी तिच्या टेबलावरून जायचे आणि तिच्या लाल पेनातून सुटून एखादी चूक बाहेर पडली असे फार क्वचित झाले असेल. मग छापखानाच बंद पडला. काही महिने वहिनीने कपाटे आवरली, मग आवरलेली कपाटे पुन्हा आवरली, आणि एक दिवस जेवताना जाहीर केले की ती जावा शिकणार आहे. चुका शोधायची सवय आहे, तर माणसांच्या नाही तर यंत्राच्या शोधीन, असे तिचे म्हणणे. जिथे शिकायला जात होती त्या संस्थेचेच एक ऑफिस होते. तिथे नवे प्रोग्रॅम तपासले जात. शनिवारच्या परीक्षेत जे वर येतील त्यांतल्या मोजक्यांना त्या ऑफिसात घेणार होते. परीक्षा एकदाच होती आणि तुकडी संपली की वर्ग बंद होणार होता.

"अगं, टेन्शन घेतेस तू," दादा नळ बंद करून म्हणाला. "पळसाला पानं तीनच. कॉम्प्युटर इथला काय आणि तिथला काय. दीर्घ श्वास घे आणि लिही."

"महिनाभर दीर्घ श्वासच घेतेय. आता चक्कर यायला लागली."

"शिकवणाऱ्या बाई काय म्हणतात?" बिट्टीने विचारले.

"म्हणतात, तुम्ही सोपं सोडून अवघड करता." वहिनीने लॅपटॉप मिटला. "परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या. वाईट नाहीत त्या. पण माझ्या शेजारी एक मुलगा बसतो, अर्धा वेळ फोनमध्ये असतो, त्याचं होतं. माझं होत नाही. मी रोज सगळ्यांच्या आधी जाते, सगळ्यांच्या आधी लिहायला बसते, आणि शेवटी माझ्याच पडद्यावर काही नसतं. माणसाला आपली पायरी कळावी."

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली आणि त्यामुळेच बिट्टीला ते सहन झाले नाही. चुकलेल्या माणसाला चुकलास म्हणताना ज्या बाईचा आवाज कधी कापला नाही, ती आज स्वतःवर फुली मारून मोकळी झाली होती.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर," बिट्टी म्हणाली.

"कशाला? हात धरून लिहून द्यायला?"

"मागे बसून बघायला. एक दिवस. मग नको तर नको."

संस्था एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. खाली चाव्या बनवणाऱ्याचे दुकान होते आणि जिन्यापर्यंत किल्ल्या घासल्याचा आवाज यायचा. वर एक लांबट खोली, मध्ये काचेची भिंत, काचेच्या बाहेर बाकडे आणि आत टेबलांच्या रांगा. कीबोर्डवरची निम्मी अक्षरे बोटांनी पुसून गेलेली. वहिनी ठरल्याप्रमाणे सगळ्यांच्या आधी पोचली, तिने चष्मा पुसला, यंत्र सुरू केले आणि पडद्यावर जावा लिहायची खिडकी उघडली. ती बिट्टीच्या कंपनीचीच होती. मागच्या खुर्चीवर बसलेली बिट्टी मनातून जरा सुखावली. आपला माल लोक वापरताना दिसला की कोणालाही बरे वाटते.

बाईंनी फळ्यावर उदाहरण लिहिले. वाचनालयाचेच, पण थोडे वेगळे. वहिनीने क्षणभर विचार केला आणि लिहायला लागली. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत तिने पुस्तकांसाठी यादी मागितली. जावामध्ये अशी यादी तयारच मिळते, नावाने हाक मारली की झाले. वहिनीने बरोबर हाक मारली. अक्षर न अक्षर बरोबर.

तिच्याखाली लाल रेघ उमटली.

वहिनीचा उजवा हात लगेच पुसायच्या बटणावर गेला. ओळ गेली.

"अगं," बिट्टीच्या तोंडून निघाले. बाईंनी मान वर करून पाहिले, तशी ती गप्प बसली.

वहिनीने तीच ओळ पुन्हा लिहिली, या वेळी हळू. पुन्हा रेघ, पुन्हा बटण. मग तिने एक लांबचा रस्ता धरला. तयार यादी नकोच, स्वतः खण पाडायचे, स्वतः मोजायचे, प्रत्येक खण भरला का ते स्वतः बघायचे. हे म्हणजे घरात नळ असताना विहिरीवर जाण्यातला प्रकार होता. त्यातही वाटेत जिथे जिथे तिने जावाकडचे तयार काही मागितले, तिथे लाल रेघ आली आणि वहिनीने इमानदारीने पुसले. छापखान्यात तिने आयुष्यभर लोकांना एकच शिकवले होते, लाल खूण दिसली की आधी ती निस्तरायची, पुढे जायचे नाही. आता तेच ती स्वतः पाळत होती.

एव्हाना बाकीची मंडळी येऊ लागली होती. शेजारचा मुलगा आला, त्याने खिडकी उघडली आणि चहा प्यायला निघून गेला. आणखी दोघी आल्या, त्यांनी खिडक्या उघडल्या आणि खुर्च्या मागे वळवून गप्पा मारत बसल्या. बऱ्याच वेळाने मुलगा परत आला, त्याने तीच यादी मागितली आणि त्याच्या पडद्यावर काहीही लाल झाले नाही.

बिट्टीची नजर वहिनीच्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेली. तिथे एक बारीक करडी पट्टी होती आणि तिच्यात मुंगीएवढी अक्षरे, 'वाचन चालू'. पट्टी गोगलगायीच्या गतीने पुढे सरकत होती. तो करडा रंग बिट्टीनेच निवडला होता. कामात व्यत्यय येऊ नये म्हणून.

तिने खुर्ची पुढे ओढली.

खिडकी पहिल्यांदा उघडली की तिला आधी वाचावे लागते. जावाबरोबर येणारा तयार वस्तूंचा अवाढव्य साठा, मग माणसाच्या स्वतःच्या फायली. ते वाचून होईपर्यंत कोणती गोष्ट अस्तित्वात आहे आणि कोणती नाही हे तिला माहीतच नसते. पूर्वी ती तोवर गप्प बसायची. गेल्या वर्षी बिट्टीने ते बदलले. चूक दाखवायला एवढा वेळ का, असे म्हणून तिने खिडकीला आधी बोलायला लावले. जे माहीत नाही त्याखाली रेघ मारायची, नंतर माहीत झाले की काढायची. बाजारातल्या सगळ्या खिडक्यांत त्यांची लाल रेघ सर्वांत आधी येऊ लागली. ऑफिसात टाळ्या वाजल्या. बिट्टीने त्या उभे राहून घेतल्या होत्या.

आणि हे ऑफिसात कोणाच्याच लक्षात आले नव्हते, कारण तिथे खिडकी कोणी बंदच करत नसे. संध्याकाळी लॅपटॉप मिटायचा, सकाळी उघडायचा, खिडकी जिथल्या तिथे. तिचे वाचन कधीच होऊन गेलेले. खिडकी बनवणाऱ्यांपैकी एकानेही कित्येक महिन्यांत ती कोऱ्या यंत्रावर उघडून पाहिली नव्हती. वहिनीचा घरचा लॅपटॉपही तसाच, नुसता मिटायचा आणि उघडायचा.

मधल्या सुट्टीत ती बाईंकडे गेली.

"संध्याकाळी ही यंत्रं नुसती बंद करता का हो?"

"नुसती कशी? रोज पुसून कोरी करतो," बाई अभिमानाने म्हणाल्या. "नाहीतर ही मुलं काय काय भरून ठेवतील. आमच्याकडे रोज सकाळी सगळं नवं."

म्हणजे रोज सकाळी इथे खिडकी पहिल्या पानापासून वाचत होती. जे आळशी होते ते चहा पिऊन येईपर्यंत तिचे वाचून होत होते. जी बाई सर्वांत आधी येऊन लिहायला बसत होती, तिची तेवढी पाटी कोरी राहत होती.

जिन्यात, किल्ल्यांच्या आवाजात, बिट्टीने वहिनीला सगळे सांगितले. तिने काही लपवले नाही. रेघ कोणाची, कोणी आणली, टाळ्या कोणी घेतल्या, तेही. सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते.

वहिनी एका पायरीवर थांबली. कठड्याला धरून उभी राहिली.

"म्हणजे मी लिहिलेलं बरोबर होतं."

"हो."

"रोज?"

"आज तरी प्रत्येक ओळ बरोबर होती. मी बघत होते."

"आणि मी ते पुसत होते."

"हो."

वहिनीचा चेहरा आधी लाल झाला. मग तिने पदर नाही, ओढणी नाही, सरळ शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. एक माणूस खालून वर आला, त्याला वाट देण्यासाठी दोघी भिंतीला टेकल्या. तो गेल्यावर वहिनी हसायला लागली. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत.

"नणंद ती नणंद," ती म्हणाली. "घरात जमलं नाही म्हणून कॉम्प्युटरमध्ये शिरून माझ्या चुका काढतेस होय?"

"वहिनी, मला खरंच..."

"गप्प बस. महिनाभर मला वाटत होतं माझ्या डोक्याला गंज चढलाय. बोल तू पुन्हा, मी मठ्ठ नाही म्हणून."

"तू मठ्ठ नाहीस."

"हां." तिने एक पायरी उतरून पुन्हा मागे पाहिले. "पान पूर्ण वाचल्याशिवाय लाल पेन उचलायचं नाही, हा आमच्याकडे दंडक होता. कारण वाटतं चूक आहे, आणि खाली तीन ओळींवर तिचा खुलासा असतो. लेखक येऊन डोक्यावर उभे राहायचे, चुका आहेत का हो, चुका आहेत का हो. मी म्हणायचे, अजून वाचतेय मी, तुम्ही लिहीत राहा. तुमच्या त्या खिडकीला एवढं कोणी शिकवलं नाही?"

दुसऱ्या दिवशी बिट्टी मॅनेजरच्या टेबलासमोर उभी राहिली. मॅनेजर बिट्टीपेक्षा वयाने मोठा, जावा कोळून प्यालेला, आणि आकड्यांचा भक्त. भिंतीवर बाजारातल्या सगळ्या खिडक्यांच्या वेगाचा एक तक्ता होता, त्यात त्यांची लाल रेघ सगळ्यांच्या पुढे होती.

"वाचून होईपर्यंत रेघ थांबवायची?" तो म्हणाला. "मग आपण तक्त्यात कुठे जाऊ, कल्पना आहे ना?"

"आहे. तुमची खिडकी जरा बंद करा."

"कशाला? चांगली उघडी आहे." त्याने लॅपटॉपवर हात ठेवला. आईने पोराला जवळ ओढावे तसा.

"बरं, मग हे घ्या." बिट्टीने कपाटातले एक जुने यंत्र आणले होते, पुसून कोरे केलेले. "यावर खिडकी उघडा आणि काहीही साधं लिहा. बोलायचं नाही, मी पण बोलत नाही."

मॅनेजर हसला, खिडकी उघडली, बोटे मोडली आणि लिहायला लागला. दुसऱ्याच ओळीत लाल रेघ आली. त्याने ओळ बघितली, कपाळाला आठी घातली आणि पुसली. पुन्हा लिहिली. पुन्हा लाल. पुन्हा पुसली. शेजारच्या टेबलांवरची दोघे-तिघे मागे येऊन उभी राहिली. तिसऱ्या वेळी त्याचा हात पुसायच्या बटणावर गेला आणि तिथेच थांबला. मग त्याने तो हात उचलून हनुवटीखाली घेतला.

"माझं बरोबर होतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि मी पुसलं."

"दोनदा. तुम्हाला निदान शंका तरी आली. शिकणाऱ्या माणसाला कशी यावी?"

त्याने वाकून कोपऱ्यातली करडी पट्टी वाचली.

"हे असं कोणी ठेवलं?"

"मी," बिट्टी म्हणाली. "आणि आता मीच काढणार आहे. आणखी एक. जावाचा साठा सगळीकडे सारखाच असतो. प्रत्येक यंत्राने तो रोज पहिल्यापासून का वाचायचा? आपण एकदा वाचून ठेवू आणि वाचलेलं खिडकीबरोबरच देऊ. मग उरतील फक्त माणसाच्या स्वतःच्या फायली. त्या वाचायला कितीसा वेळ लागतोय? रेघ उशिरा येईल, पण खरी येईल. आणि फार उशिरा नाही येणार."

मॅनेजरने भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. आकड्यांचा भक्त असला तरी माणूस सच्चा होता.

"तक्ता उतरवा कोणीतरी," तो म्हणाला. "आणि वाचन चालू असताना लिहायचं काय तिथे? ही मुंगीची अक्षरं नकोत."

बिट्टीने सांगितले. अजून वाचते आहे, तुम्ही लिहीत राहा. मॅनेजरने ते एका कागदावर उतरवून घेतले आणि हे फारच सभ्य आहे, असा शेरा मारला.

पण नवी खिडकी बाहेर पडायला पुढचा आठवडा उजाडणार होता. शनिवारची परीक्षा जुन्याच खिडकीवर होणार होती, तीही कोऱ्या यंत्रावर.

शुक्रवारी संध्याकाळी बिट्टीने आपला लॅपटॉप पुसून कोरा केला आणि वहिनीपुढे ठेवला. नियम एकच, रेघ आली तरी पुसायचे नाही. ऐकायला सोपे होते. वहिनीने ओळ लिहिली, रेघ आली आणि हात बटणावर गेला. दुसऱ्या वेळीही तेच. डोक्याला कळले होते, हाताला कळत नव्हते. इतक्या वर्षांची सवय ती, अशी सांगून थोडीच जाते. शेवटी दादा मागे येऊन उभा राहिला आणि रेघ आली की तिचे मनगट पकडू लागला.

"परीक्षेत कोण पकडणार?" वहिनी म्हणाली.

"मांडीवर ठेव. ओळ झाली की हात मांडीवर, लहानपणी शाळेत बसायचो तसे."

तसे जमले. ओळ लिहायची, हात मांडीवर घ्यायचे, आपलीच ओळ एकदा वाचायची, पुढची लिहायची. रेघा साचत गेल्या. वहिनी त्यांच्याकडे बघून मध्येच दात-ओठ खायची, पण तिने एकही पुसली नाही. सगळे वाचून झाल्यावर कोपऱ्यातली पट्टी विझली आणि रेघा एकेक करत निघून गेल्या. दादाने टाळी वाजवली. वहिनी मात्र तो स्वच्छ पडदा बघत राहिली, जणू कोणीतरी तिची वस्तू परत आणून दिली होती.

शनिवारी बिट्टी काचेबाहेरच्या बाकड्यावर बसली. आत आवाज जात नव्हता आणि आतला बाहेर येत नव्हता. टेबलांच्या रांगा पाठमोऱ्या होत्या, त्यामुळे तिला माणसांच्या पाठी आणि त्यांच्या पुढचे पडदे दिसत होते. आज चहाला जायची कोणाची हिंमत नव्हती. बाईंनी कागद वाटले, सगळ्यांनी एकदम यंत्रे सुरू केली, एकदम खिडक्या उघडल्या. बिट्टीच्या लक्षात आले की आज प्रत्येकाचे तेच होणार, जे महिनाभर एकट्या वहिनीचे झाले. आळशांना वाचवणारा चहा आज नव्हता. आज आत एकाच माणसाला खरी गोष्ट ठाऊक होती.

तिला आनंद झाला. खोटे कशाला बोला. जागा मोजक्या होत्या, आणि महिनाभर मागे पडलेल्या बाईच्या बाजूने एकदा तरी पारडे झुकले होते.

वहिनीने अजून काही लिहिलेले नव्हते. तिने चष्मा पुसला, कागद वाचला आणि ती उभी राहिली. बिट्टीही बाकड्यावरून अर्धी उठली. वहिनी मागे वळून साऱ्या वर्गाला काहीतरी सांगत होती. तोंड हलताना दिसत होते, हात पडद्याच्या कोपऱ्याकडे जात होता. बाई लगबगीने पुढे आल्या, त्यांनी बहुधा खाली बसा म्हटले. वहिनी बसली नाही. बाईंनी वाकून तो कोपरा पाहिला, मग शेजारच्या मुलाच्या पडद्याचा पाहिला, मग रांगेतला तिसरा. सरळ उभ्या राहून त्यांनी वर्गाकडे पाहिले आणि मान डोलावली. तेव्हा कुठे वहिनी बसली.

मग सगळे लिहायला लागले. थोड्याच वेळात पडदे लाल ठिपक्यांनी भरले, काचेबाहेरूनही दिसावेत इतके. शेजारच्या मुलाचा हात पुसायच्या बटणाकडे निघाला. वाटेत थबकला. त्याने वहिनीकडे पाहिले. वहिनीचे दोन्ही हात मांडीवर होते. मुलाने हात खाली घेतला. मागच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि त्यांनीही घेतला. बिट्टी बघत होती. ओळ झाली की हात मांडीवर, मग पुढची ओळ, पुन्हा हात मांडीवर, सगळ्या रांगाच्या रांगा तशा.

मग एका पडद्यावरचा लाल रंग ओसरला. नंतर त्याच्या पुढच्यावरचा. खिडक्यांचे वाचून होत होते. रांगेतून एकामागून एक पडदे स्वच्छ होत गेले आणि लोक खुर्च्यांवर जरा मागे रेलले. बिट्टीने काचेला कपाळ टेकवले होते, हे तिला काच धुरकटली तेव्हा कळले.

वहिनीच्या पडद्यावर मात्र एक रेघ उरली. ती जाईना. वहिनी पुढे झुकली. छापखान्यात पानावर बोट फिरवायची तसे तिने त्या ओळीखालून बोट फिरवले, शेवटापर्यंत. तिथे ते थांबले. तिचे खांदे हलले. ती हसत होती. तिने एक शब्द बदलला आणि रेघ गेली.

निकाल त्याच दुपारी लागला. बाईंनी काचेच्या दारात उभ्या राहून नावे वाचली. शेजारचा मुलगा पहिला होता, चहा पिणारा. वहिनीचे नाव शेवटून दुसरे आले, पण आले. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सोमवारी कामावर हजर व्हायचा कागद होता आणि चेहरा कसाबसा आवरलेला. बिट्टीने तिला मिठी मारली. वहिनीने तिच्या पाठीवर दोनदा थोपटले आणि म्हणाली, चल, तुझ्या दादाला फोन कर, नाहीतर तो तिकडे दीर्घ श्वास घेत बसेल.

दोघी जिना उतरू लागल्या.

"ती शेवटची रेघ कसली होती?" बिट्टीने विचारले.

"ती माझी होती. पुस्तकांच्या यादीत पुस्तकाऐवजी माणूस घालत होते." वहिनीच्या आवाजात कौतुक होते. "बरोबर पकडलं हो तिने. वाचून झाल्यावर बोलते तेव्हा बरं बोलते."

"आणि सगळ्यांना उठून काय सांगितलंस?"

"हेच. रेघ आली तर पुसू नका. ती मारणारी अजून वाचतेय, तुम्ही लिहीत राहा."

"जागा मोजक्या होत्या, वहिनी."

"माहीत आहे. रात्रभर तोच विचार करत होते." ती एका पायरीवर थांबली. "पण चुकीची खूण डोळ्यांना दिसली आणि मी गप्प बसले, असं आजवर झालं नाही. आणि आज झालं असतं तर मग त्या ऑफिसात चुका शोधायला कोणत्या तोंडाने जाणार होते?"

खालून किल्ल्या घासल्याचा आवाज येत होता. बिट्टीने वहिनीच्या हातातला कागद घेऊन एकदा वाचला आणि परत दिला. मग तिने विचारले,

"तुला हे कुठून कळलं, असं कोणी विचारलं नाही?"

"विचारलं की, मागे बसते त्या एका मुलीने. म्हटलं, ती रेघ मारणारी आमच्या घरचीच आहे."

"वहिनी."

"नणंद आहे म्हणून नाही सांगितलं," वहिनी म्हणाली. "आधीच घाबरलेली होती ती पोर बिचारी."